आमच्या अप्सरेला जमलं, मग म्युनिकला का जमत नाही?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा, नाहीतर सरळ पुढं जा. राग नाही.

आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. परवा त्यावर एक फॉरवर्ड आला. मजकूर असा, की परदेशी दबावापुढं मान तुकवून आपण ट्रॉम्बेच्या 'अप्सरा' अणुभट्टीत हलकं युरेनियम घातलं, मोठे देश मात्र स्वतःच्या भट्ट्यांत भारी युरेनियम वापरतात, म्हणजे आपल्याला गंडवलं. खाली संतापलेल्या चेहऱ्यांची रांग. मी लिहिलं, यातलं अर्धं खरं आहे, पण निष्कर्ष उलटा काढलाय. त्यावर आमच्या एका निवृत्त सरांचं उत्तर आलं, "तू आपली गटारं आणि उसाचा दर बघ. अणुभट्टी तुझा विषय नाही."

सर, तुमचा मान राखून सांगतो. माझ्याकडं पत्रकारितेचा डिप्लोमा आहे, विज्ञान बारावीतच सुटलं, हे खरं. पण वीस वर्षं तालुक्याची बातमीदारी केल्यावर एक गोष्ट कळते. कोण नियम सांगतो आणि कोण स्वतःला त्यातून वगळून घेतो, हे बघायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. आणि हा विषय बरोबर तोच आहे.

आधी हलकं-भारी म्हणजे काय ते बघू. आम्ही पेपरवाले बिनदिक्कत 'शुद्ध युरेनियम' छापतो. मीही छापलंय. ते चूक आहे. प्रश्न शुद्धतेचा नाही, निवडण्याचा आहे. खाणीतून आलेल्या युरेनियमच्या १००० अणूंत साधारण ७ अणू कामाचे, म्हणजे युरेनियम-२३५ चे. बाकीचे ९९३ अणू वेगळ्या जातीचे. आता हे सुपात घेऊन पाखडायचं. नको असलेले ९६५ बाजूला काढले की ३५ उरतात, त्यात ७ कामाचे. झालं २० टक्के. तिथून पुढं फक्त २७ काढले की उरतात ८, त्यात ७ कामाचे. झालं ८७-८८ टक्के. हा बॉम्बचा माल.

२० टक्क्यांच्या खालचं ते कमी समृद्ध, वरचं ते उच्च समृद्ध, ही जगानं मान्य केलेली रेघ आहे. तुम्ही विचाराल, २० वरून ९० जर एवढं जवळ, तर रेघेला अर्थ काय? रास्त प्रश्न. उत्तर असं, की ते शेवटचे २७ काढायला सेंट्रिफ्यूजचा कारखाना लागतो. तो सरकारांकडं असतो, चोराकडं नसतो. २० टक्क्यांच्या खालचा माल कुणी पळवला तर त्याचा थेट बॉम्ब व्यवहारात होत नाही. शेकडो किलोंचा धोंडा जमवला तरी नाही. पण ९० टक्क्यांचा माल पळवला तर कारखाना लागतच नाही, सगळं काम आधीच झालेलं असतं. हिरोशिमावर टाकलेल्या बॉम्बात सुमारे ६४ किलो युरेनियम होतं, सरासरी ८० टक्क्यांचं. त्या बॉम्बची रचना इतकी साधी होती, की टाकण्याआधी तिची पूर्ण चाचणीसुद्धा घेतली नव्हती. आणि न वापरलेलं असलं इंधन फारसं किरणोत्सारी नसतं. माणूस ते हातानं उचलू शकतो.

आता हा माल ठेवलाय कुठं? फक्त लष्कराच्या तळघरात असता तर मी ही पोस्ट लिहिली नसती. ८ डिसेंबर १९५३ ला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत 'शांततेसाठी अणू'चं भाषण केलं. त्यानंतर अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी चढाओढीनं जगभर संशोधनाच्या छोट्या भट्ट्या वाटल्या. वीज करायला नाही. शिकवायला, प्रयोगाला, औषधी समस्थानिकं करायला. पुढं जास्त न्यूट्रॉन हवेत म्हणून त्यांत ९० टक्क्यांच्या आसपासचं इंधन जाऊ लागलं. विद्यापीठाच्या आवारात, चौकीदार आणि कुंपण एवढ्या भरवशावर.

त्याचं काय झालं, ते तीन प्रसंगांत सांगतो.

पहिला इराकचा. ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामनं कुवेत गिळलं आणि लगेच आपल्या लोकांना कामाला लावलं. फ्रान्स आणि सोव्हिएत संघानं संशोधन भट्ट्यांसाठी दिलेलं उच्च समृद्ध इंधन काढायचं आणि त्यातून बॉम्ब करायचा. ते इंधन आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली होतं, कागदोपत्री सगळं चोख. जानेवारी १९९१ चं युद्ध आडवं आलं म्हणून बेत तडीस गेला नाही.

दुसरा रशियाचा, १९९२ मधला. मॉस्कोजवळच्या पोदोल्स्क इथल्या अणुसंस्थेतल्या एका कर्मचाऱ्यानं ९० टक्क्यांचं सुमारे दीड किलो युरेनियम थोडंथोडं करून घरी नेलं. पकडला कसा नाही? कारण प्रक्रियेत थोडी तूट चालते असा हिशेब होता आणि तो त्या तुटीच्या आत राहून उचलत होता. ज्यांनी रेशनच्या गोदामाची बातमी केलीय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पोत्यामागं घट मान्य असते, आणि घटीच्या आत काय काय बसतं ते आपल्याला माहीत आहे. फरक एवढाच, की इथं पोत्यात गहू नव्हता.

तिसरा दक्षिण आफ्रिकेचा. नोव्हेंबर २००७ मध्ये पेलिंदाबाच्या अणुकेंद्रात शस्त्रधारी टोळी विजेचं कुंपण निष्प्रभ करून आत शिरली, नियंत्रण कक्षापर्यंत पोचली, एका कर्मचाऱ्याला गोळी घातली आणि निघून गेली. त्याच आवारात शेकडो किलो उच्च समृद्ध युरेनियम होतं. ते त्यांच्या हाती लागलं नाही, हे नशीब. नशिबावर किती वेळा विसंबायचं?

म्हणून उपाय निघाला, आणि तो साधा आहे. संशोधन भट्ट्या २० टक्क्यांच्या खालच्या इंधनावर आणायच्या आणि जुना माल परत न्यायचा. अमेरिकेनं १९७८ मध्ये हे काम सुरू केलं. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. आजवर शंभरहून जास्त भट्ट्या आणि केंद्रं एकतर बदलली किंवा बंद झाली. जमैकाची २०१५ मध्ये बदलली. घानाची २०१७ मध्ये. नायजेरियात झारिया इथल्या विद्यापीठातली छोटी भट्टी २०१८ मध्ये बदलली आणि तिचं जुनं, ९० टक्क्यांचं किलोभर इंधन त्याच वर्षअखेर चीनला परत गेलं. पेलिंदाबाची भट्टीही २००९ पर्यंत बदलून झाली. गरीब देशांनी, थोडी कुरकुर करून का होईना, ऐकलं.

आता ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्याकडं येतो.

जर्मनी. अणुवीज नको म्हणून सगळ्या वीजभट्ट्या बंद करणारा देश. त्याच देशात म्युनिकजवळ गार्चिंगला तांत्रिक विद्यापीठाची संशोधन भट्टी आहे. २००४ मध्ये सुरू झाली. म्हणजे जग उच्च समृद्ध इंधन सोडत असताना, २५ वर्षं उशिरा, नवी कोरी भट्टी ९३ टक्क्यांच्या इंधनावर बांधली! अमेरिकेनं विरोध केला, तर रशियाकडून माल घेतला. आणि यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट ऐका. भट्ट्या कमी समृद्ध इंधनावर आणता याव्यात म्हणून शास्त्रज्ञांनी जास्त युरेनियम दाटीनं बसवता येईल असं सिलिसाइडचं इंधन शोधून काढलं होतं. म्युनिकनं तेच दाट इंधन घेतलं आणि त्यात ९३ टक्क्यांचं युरेनियम भरलं. दारूबंदीसाठी मिळालेल्या अनुदानातून बार काढावा, तसं हे झालं.

परवानगी देताना अट होती, की २०१० संपेपर्यंत इंधन ५० टक्क्यांपर्यंत खाली आणायचं. ५० सुद्धा रेघेच्या वरच, पण तेही झालं नाही. मुदत २०१८ पर्यंत वाढवली. तीही गेली. २०२३ मध्ये विद्यापीठानं सांगितलं, की २० टक्क्यांच्या खालच्या इंधनावर ही भट्टी चालू शकते. चांगली गोष्ट आहे. पण मुदतवाढ म्हणजे काय असते ते आमच्या नगरपालिकेच्या पाणीयोजनेनं मला पुरेसं शिकवलंय.

त्यांचा बचाव काय? न्यूट्रॉन कमी पडतील, प्रयोगांचं नुकसान होईल. हा मुद्दा खोटा नाही, तो नीट तोलला पाहिजे. कमी समृद्ध इंधनात तेवढ्याच जागेत कामाचे अणू कमी बसतात, न्यूट्रॉनचा मारा थोडा घटतो. बहुतेक भट्ट्यांना सिलिसाइड पुरतं. अगदी मोजक्या, दाट गाभ्याच्या भट्ट्यांना युरेनियम-मॉलिब्डेनमसारखं आणखी दाट इंधन लागतं, आणि ते बनवायला खरंच कित्येक वर्षं लागली. हे सगळं मान्य. पण मग सिडनीकडं बघा. तिथली ओपल भट्टी म्युनिकइतकीच, २० मेगावॅटची. २००६ मध्ये पेटली ती पहिल्या दिवसापासून कमी समृद्ध इंधनावर. संशोधनही करते आणि दवाखान्यांसाठी समस्थानिकंही. बांधली कुणी? अर्जेंटिनाच्या कंपनीनं. म्युनिकच्या भट्टीचं म्हणाल तर २०२० पासून ती कित्येक वर्षं दुरुस्ती आणि इतर कारणांनी बंदच होती. त्या काळात न्यूट्रॉन शून्य. थोड्या घटीसाठी विज्ञान बुडतं म्हणणाऱ्यांचं विज्ञान तेव्हा पूर्ण बंदीतही तगलं.

अमेरिकाही काही धुतल्या तांदळासारखी नाही. दुसऱ्यांना बदलायला लावणाऱ्या या देशात एमआयटी आणि मिसुरी विद्यापीठाच्या भट्ट्यांसह पाच मोठ्या भट्ट्या उच्च समृद्ध इंधनावर राहिल्या आणि त्यांची मुदत पुढंच सरकत गेली. त्यावर कडी म्हणजे आयडाहोत एका खासगी भागीदारीतल्या प्रायोगिक भट्टीसाठी ६०० किलोहून जास्त बॉम्बच्या प्रतीचं युरेनियम वापरायचा घाट घातला गेला. २०२३ मध्ये तिथल्याच जाणकारांनी ऊर्जा खात्याला पत्र लिहून हे थांबवा म्हणून सांगितलं.

याच्या शेजारी इराण ठेवून बघा. तेहरानची संशोधन भट्टी १९६७ मध्ये अमेरिकेनंच दिली, ९३ टक्क्यांच्या इंधनासकट! पुढं ती जेमतेम २० टक्क्यांच्या इंधनावर आली, ते अर्जेंटिनानं पुरवलं. ते संपत आलं, बाहेरून मिळण्याची बोलणी फिसकटली आणि २०१० मध्ये इराणनं त्या भट्टीचं कारण सांगून स्वतः २० टक्क्यांपर्यंत पाखडायला सुरुवात केली. नंतर ६० टक्क्यांवर गेला. जून २०२५ मध्ये त्याच्याकडं ६० टक्क्यांचं सुमारे ४४० किलो आहे असा अंदाज होता, आणि त्या महिन्यात इराणवर बॉम्ब पडले. मी इराणची वकिली करत नाही. ६० टक्क्यांच्या मालाला कुठल्याही नागरी कामाचं पटणारं कारण नाही. पण एकाकडं ६० टक्क्यांचा माल आहे म्हणून युद्ध, आणि दुसऱ्यानं त्याहून भारी, त्याहून जास्त माल 'प्रयोगासाठी' भट्टीत घालायचा, यानं जगाला काय संदेश जातो? माल वाईट नाही, माणूस वाईट. एकदा हे मान्य केलं की प्रत्येक जण स्वतःला चांगला माणूस ठरवायला मोकळा.

फॉरवर्डमधलं अर्धं खरं म्हणालो ते हेच. दुटप्पीपणा आहे, उघड आहे.

पण मग त्यावरून आपणही भारी माल ठेवायला हवा होता, हा निष्कर्ष कुठून आला? अप्सरेची गोष्ट नीट बघा. ४ ऑगस्ट १९५६ ला ती सुरू झाली, सोव्हिएत संघ सोडला तर आशियातली पहिली. इंधन ब्रिटनचं. पुढंही तिचा समृद्ध इंधनाचा गाभा बाहेरूनच, फ्रान्सकडून विकत आणलेला होता. २००९ मध्ये भट्टी बंद केली. डिसेंबर २०१० मध्ये तो जुना गाभा काढून आंतरराष्ट्रीय देखरेखीखालच्या जागेत ठेवला. आणि १० सप्टेंबर २०१८ ला त्याच जागी सुधारित अप्सरा सुरू झाली, २० टक्क्यांच्या खालच्या इंधनावर. हे इंधन आपल्या लोकांनी देशातच बनवलेलं. ताकद १ मेगावॅटवरून २ मेगावॅटवर, न्यूट्रॉनचा मारा आधीपेक्षा जास्त, आणि औषधी समस्थानिकांचं देशातलं उत्पादन निम्म्यानं वाढेल असं अणुऊर्जा विभागानं तेव्हा सांगितलं.

म्हणजे सर, 'भारी' इंधन होतं तेव्हा आपण परक्याच्या दारात उभे होतो. 'हलकं' आलं तेव्हा आपल्या पायावर उभे राहिलो. यात मान तुकवली कुठं? दबाव होता म्हणता, तर २००६ च्या अणुकराराच्या वाटाघाटींत तो गाभा हलवायचं ठरलं होतं, हे खरं. पण नंतरची भट्टी आणि इंधन कुणी घडवलं? आपल्याच माणसांनी. अप्सरा लहान, म्युनिक मोठी, तुलना तंतोतंत नाही हेही मला कळतं. पण बदलायची इच्छा असली की काय होतं ते तिनं दाखवलंय. हे आपण छाती काढून सांगायला हवं. आपण रडतोय.

सरांचा आणखी एक मुद्दा होता, की आपला १९७४ चा स्फोट झाला तो सायरसमधल्या प्लुटोनियमवर, आणि सायरस तर साध्या नैसर्गिक युरेनियमवर चालायची. मग कमी समृद्ध इंधनानं काय थांबणार? सर, मुद्दा बिनतोड आहे, पण वेगळ्या प्रश्नाचा आहे. वापरलेल्या, प्रचंड किरणोत्सारी इंधनातून प्लुटोनियम काढायला मोठा कारखाना आणि एका सरकारची पक्की इच्छा लागते. इंधन बदलून सरकारांचा निश्चय बदलत नाही. चोराचं आणि उद्या फिरलेल्या डोक्याचं काम मात्र अवघड होतं. घराला कुलूप लावल्यानं दरोडे बंद होत नाहीत. म्हणून कुणी दार उघडं टाकून झोपत नाही.

शेवटचा मुद्दा माझ्या घरचा आहे. खरं तर त्याच्यासाठीच ही पोस्ट लिहिली.

२०१० चा मे महिना. आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला होता. तो हाडांत गेलाय का हे बघायला बोन स्कॅन करायचा होता. पहाटेची एसटी धरून शहरात गेलो. उपाशीपोटी, फायली घेऊन. काउंटरवर सांगितलं, "माल आला नाही, बाहेरूनच कमी येतोय. फोन करून या." तो माल म्हणजे टेक्नेशियम. त्याचं आयुष्य सहा तासांत निम्मं होतं, आणि तो ज्यातून निघतो त्या मॉलिब्डेनमचं ६६ तासांत. दुधापेक्षा नाशवंत, साठवता येत नाही. अकरा दिवसांनी स्कॅन झाला. त्या अकरा दिवसांत अण्णा काही बोलले नाहीत. फक्त रोज संध्याकाळी विचारायचे, "आला का रे फोन?"

मी त्या दवाखान्याला दोष देत नाही. त्या वर्षी जगाला हा माल पुरवणाऱ्या दोन मोठ्या भट्ट्या, कॅनडाची आणि नेदरलँड्सची, एकाच वेळी बंद होत्या. जुनाट झाल्या होत्या, गंज आणि गळती. हे मला खूप नंतर वाचून कळलं. आणि त्याबरोबर दुसरं जे कळलं त्यानं डोकं फिरलं. हा माल करण्यासाठी उच्च समृद्ध युरेनियमच लागतं, ते बंद कराल तर रुग्ण मरतील, असं सांगून २००५ मध्ये अमेरिकेतला निर्यातीवरचा कडक नियम सैल करून घेतला गेला होता. रुग्णांच्या, म्हणजे आमच्या अण्णांसारख्यांच्या नावानं! प्रत्यक्षात टंचाई आली ती म्हाताऱ्या भट्ट्यांमुळं, कमी समृद्ध युरेनियममुळं नव्हे. उलट त्याच २०१० च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेनं कमी समृद्ध युरेनियमपासून केलेलं मॉलिब्डेनम अमेरिकेला पाठवायला सुरुवात केली. आणि जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकी सरकारनंच जाहीर केलं, की कमी समृद्ध युरेनियमपासून बनलेला माल गरजेपुरता मिळतोय, आता या कामासाठी भारी युरेनियमची निर्यात बंद. रुग्ण मेले नाहीत. धंद्याची सवय तेवढी मोडली.

म्हणून हात जोडून सांगतो, आमच्या आजारपणाची ढाल करू नका. अडलेल्या माणसाचं नाव पुढं करून आपली सोय साधायची, हे मी तालुक्यात रोज बघतो. ते म्युनिकमध्ये आणि वॉशिंग्टनमध्येही तेवढंच ओंगळ दिसतं.

मागणी काय? म्युनिक, अमेरिका आणि रशिया, सगळ्यांच्या भारी इंधनावरच्या नागरी भट्ट्यांना पक्की तारीख हवी, मुदतवाढ नको. नवी भट्टी कुणीही, कुठल्याही कारणानं, बॉम्बच्या मालावर सुरू करू नये. आणि हे सांगण्यात भारतानं पुढं राहावं, कारण आपण अप्सरेत ते करून बसलोय. ज्यानं स्वतः केलंय त्याच्या बोलण्याला वजन असतं. आपण बोलतच नाही, ही खंत आहे.

पत्रकार मित्रांना एक विनंती. 'शुद्ध युरेनियम' लिहिणं सोडा. टक्के लिहा. टक्के लिहिले की वाचणाऱ्याला कळतं कोण कुठल्या रेघेच्या कुठल्या बाजूला उभा आहे.

आणि सर, तुमच्या वॉर्डातल्या गटारीची बातमी उद्या येतेय. तिथंही अडचण तीच आहे. सगळ्यांनी आपापल्या घरापुढचं अतिक्रमण काढलं, फक्त ज्यांनी ठराव मांडला होता त्यांचंच राहिलंय.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली मुद्द्यावर बोला, संतापलेला चेहरा टाकून पळू नका.